शेवटच्या दिवसाची टोपली

गल्लीत राहायला येऊन महिना होत आला तरी त्याची कुणी दखल घेतली नव्हती. घेतली ती एका पावामुळे. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात, मागच्या दाराशी, एक टोपली ठेवलेली असे. ज्या मालाची तारीख आज संपते तो माल तिच्यात टाकायचा आणि वर पिवळी चिठ्ठी लावून निम्म्या किमतीत विकायचा, अशी त्या दुकानाची पद्धत होती. त्या टोपलीपुढे हा गृहस्थ उकिडवा बसला होता. पावाच्या पिशवीचं तोंड नाकाशी धरून, डोळे मिटून, त्याने असा काही लांब श्वास घेतला की जाणारे-येणारे थबकले. मग पिशवी उलटी करून तारीख वाचली आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला म्हणाला, "घ्या वहिनी, हा उद्या संध्याकाळपर्यंत चालेल. तो दुसरा मात्र नको, त्याला ओल लागली आहे."

ती बाई नेमकी त्याच्याच मजल्यावर राहणारी निघाली. घरी स्वयंपाक करून लोकांना जेवणाचे डबे द्यायची. इमारतीत सगळे तिला डबेवाल्या वहिनी म्हणत. तिने पाव घेतला नाही. हसून म्हणाली, "आमचं बाई डब्याचं काम. लोकांना ताजंच घालावं लागतं." पण जिना चढता चढता तिने हा किस्सा चौघांना सांगितला आणि आठवड्याच्या आत इमारतीतली मुलं त्याला तारीखकाका म्हणायला लागली. त्याला राग आला नाही. उलट जरा बरंच वाटलं. आपल्याला काहीतरी येतं हे लोकांना कळलं, असं.

तारखांचं काम त्याला येत होतं हे खरंच होतं. एका औषधांच्या दुकानात तो अठ्ठावीस वर्षांपासून नोकरीला होता. दर महिन्याच्या अखेरीला तो छोटी शिडी घेऊन एकेक फळी उतरवायचा आणि ज्या गोळ्यांची, बाटल्यांची मुदत संपत आली असेल त्या वेगळ्या काढून खोक्यात भरायचा. आजवर त्याच्या हातून मुदत उलटलेली एक गोळी गिऱ्हाइकाकडे गेली नव्हती. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या दुकानात देवावर भरवसा ठेवू नका, काकांवर ठेवा." आणि हाच माणूस संध्याकाळी साडेसातला टोपलीपुढे बसून तारीख उलटायला आलेलं लोणी, दही, बिस्किटं पिशवीत भरायचा. कुणी टोकलं तर त्याचं उत्तर तयार असे. "औषधाची तारीख म्हणजे हुकूम. खाण्याची तारीख म्हणजे सल्ला. सल्ला ऐकावा, पण शेवटी नाक आपलं."

ही विद्या त्याला आक्काने दिली होती. आक्का त्याची मोठी बहीण, चांगली चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आक्का तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. घरी येताना बेकरीतून कालचा पाव निम्म्या दरात आणायची. कुठे हिरवट डाग दिसला तर सुरीने तेवढा भाग काढायचा, मधला मऊ भाग भावाला, कडा स्वतःला. "कडा मला आवडतात," असं ती म्हणे, आणि चाळिशी उलटेपर्यंत त्याला ते खरंच वाटत होतं. तिने लग्न केलं नाही. त्यानेही केलं नाही. का, हे दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही.

गरज कधीच संपली होती, हे सांगितलं पाहिजे. दोघांचं पोट त्याच्या पगारात आरामात भागत होतं, वर थोडं शिल्लकही पडत होतं. पण जित्याची खोड. ताज्या मालाच्या फळीपुढे उभं राहिलं की त्याला उगीच आपण कुणाचं तरी उचलतो आहोत असं वाटे. टोपलीपुढे बसलं की घरी आल्यासारखं वाटे.

आता आक्काचं नाक. सहा वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला, आणि ताप गेला तो तिची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. करपलेलं दूध काय नि अत्तर काय, तिला सारखंच. ती स्वतःचीच चेष्टा करायची. "नाक आहे बाबा माझ्याकडे, पण फक्त चष्मा टेकवायला." तेव्हापासून घरात एक रिवाज पडला. कुठलाही डबा, कुठलंही पाकीट उघडलं की आधी त्याने हुंगायचं, मग आक्काच्या ताटात वाढायचं. ती ताट पुढे घेऊन विचारायची, "काय रे, पास का नापास?" तो म्हणायचा, "पास." मग ती घास घ्यायची. सहा वर्षं तिने त्याच्या नाकाने जेवण केलं.

त्या आठवड्यात टोपलीत मलईची पाकिटं आली होती. चांगल्या कंपनीची. एक घेणाऱ्याने दोन घ्यावीत अशी किंमत. त्याने चार घेतली. तीन दोन-तीन दिवसांत संपली. चौथं फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात राहिलं आणि मग त्याला सर्दी झाली. नाक चोंदून दगड. डोकं जड, तोंडाला चव नाही. त्याने तीन दिवस रजा घेतली. डबेवाल्या वहिनींना जिन्यात त्याची शिंक ऐकू आली असावी. संध्याकाळी त्या झाकलेलं भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "वाटाण्याची भाजी आहे. गरम गरम खा दोघं. आणि आल्याचं पाणी पीत जा हो, औषधाच्या दुकानातले म्हणे तुम्ही!"

भाजीबरोबर आक्काला बटाटे हवे होते, मलईतले. तिला ते आवडायचे; मऊ, दातांना त्रास नाही. त्याने बटाटे उकडले. पाकीट काढलं. तारीख सहा दिवसांपूर्वीची होती. ते त्याने वाचलं, अगदी स्वच्छ वाचलं. मग पाकीट कापून सवयीने नाकाशी धरलं आणि श्वास ओढला. काहीच वास आला नाही. वास नाही म्हणजे ठीक आहे, असं त्याने धरलं. चमचाभर चाटूनही पाहिलं, पण सर्दीत गूळ काय आणि खडू काय. मलई बटाट्यांवर गेली, बटाटे ताटात गेले.

"पास का नापास?" आक्काने विचारलं.

"पास," तो म्हणाला.

तो स्वतः मऊ भात खाऊन झोपला.

पहाटे आक्काला उलट्या सुरू झाल्या. उजाडेपर्यंत ती उठून बसण्याच्या पलीकडे गेली. वरच्या मजल्यावरचे ग्रंथपाल, एकटे राहणारे, मितभाषी गृहस्थ. त्याने दार वाजवताच त्यांनी विचारपूस न करता गाडी काढली आणि दोघांना दवाखान्यात नेलं. खाटेपाशी डॉक्टरीणबाई आल्या. हातातल्या कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "काल काय काय खाल्लं होतं?"

तो खाटेच्या एका बाजूला होता, ग्रंथपाल दुसऱ्या. त्याच्या डोळ्यांपुढे ते पाकीट आलं. पाठोपाठ मालक आले, शिडी आली, काकांवर भरवसा ठेवा हे आलं. आणि सगळ्यात आधी, डोळे मिटून पडलेली आक्का. तिच्या कानावर पडेल. ज्या नाकावर ती सहा वर्षं जेवली त्या नाकाने काय केलं ते तिला कळेल.

"भात," तो म्हणाला. "बटाटे. आणि शेजारून वाटाण्याची भाजी आली होती."

यात एक शब्द खोटा नव्हता. हे त्याने नंतर स्वतःला शंभरदा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ती भाजी तुम्ही खाल्ली होती?" तो म्हणाला, "नाही, मी नाही खाल्ली." हेही खरंच होतं. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. ग्रंथपालांनीही मान हलवली. ते गेली चार वर्षं वहिनींकडचा डबा जेवत होते.

आक्का चार दिवसांनी घरी आली. नळीतून पाणी चढवून चढवून तिचा हात सुजला होता, गाल बसले होते, पण जीभ शाबूत होती. "दवाखान्यातलं सूप मी ओळखलं," ती म्हणाली. "ते ज्यांनी केलं त्यांना मीठ कुठे ठेवलंय ते माहीत नव्हतं."

त्या चार दिवसांत इमारतीत काय झालं ते त्याला जिन्यात कळलं. ग्रंथपालांनी डबा बंद केला होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. फक्त ज्यांनी विचारलं त्यांना कारण सांगितलं. तळमजल्यावरच्या कागद-पेन्सिलींच्या दुकानातल्या दोघी बहिणींनी बंद केला. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने बंद केला. पलीकडच्या इमारतीतले तीन. अकरा डब्यांपैकी पाच उरले होते. वहिनींचा नवरा रंगारी. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडला तेव्हापासून कमरेला पट्टा बांधून घरात बसून होता. म्हणजे त्या घराची चूल त्या अकरा डब्यांवर पेटत होती, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी वहिनी आक्काला भेटायला आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. उकळत्या पाण्याने त्यांनी सगळी भांडी तीनदा घासली होती, वाटाण्याचं अख्खं पोतं फेकून दिलं होतं, तेलसुद्धा ओतून टाकलं होतं.

"आक्का, माझ्या हातून काय झालं तेच मला समजत नाही हो," त्या म्हणाल्या. "त्याच पातेल्यातली भाजी सगळ्यांना गेली. आमच्या घरात खाल्ली. पण झालं तर झालंच ना. तुम्ही मोठ्या आहात. चूक पदरात घ्या."

आक्का म्हणाली, "अगं, इकडे ये, बस. तुझ्या हातचं खाऊन आजारी पडायला मला काय वेड लागलंय? म्हातारं शरीर, एखादे दिवशी रुसतं."

तो खिडकीपाशी पाठ करून उभा होता. आपण आता वळावं आणि बोलावं, असं त्याला वाटलं. वाटत राहिलं. वहिनी गेल्या. दार लागलं. त्याने खिडकीची काच फडक्याने पुसायला घेतली, जिला पुसायची काही गरज नव्हती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं झालं. दुकानात कुणी "काका, ही गोळी चालेल ना?" असं विचारलं की त्याचा हात थांबे. जिन्यात पावलं वाजली की तो दाराआड थांबून राही. वहिनींच्या दाराबाहेर सकाळी डब्यांची ओळ लागायची ती आता दोन पावलांत संपायची, आणि ती दोन पावलं टाकताना तो मान वर करत नसे. टोपलीकडे तो गेला नाही. ताज्या मालाच्या फळीवरून पाव घेतला, पूर्ण किमतीत, आणि घरी आणून त्याला तो गिळेना. आक्काच्या ते लक्षात आलं. तिच्या लक्षात सगळंच येत असे. नाक गेलं होतं, डोळे नव्हते गेले.

"आजचा पाव आजचाच आहे," ती म्हणाली. "तुला काय झालंय? लॉटरी लागली का कुणी मेलं?"

"काही नाही."

"तू पाच वर्षांचा होतास तेव्हा साखर चोरून खाल्लीस की असाच भिंतीकडे तोंड करून बसायचास. बोल."

मग त्याने सांगितलं. पाकीट, तारीख, चोंदलेलं नाक, डॉक्टरीणबाईंचा प्रश्न, आपलं उत्तर. सांगताना तो तिच्या सुजलेल्या हाताकडे बघत होता. त्याला वाटलं, आता आक्का मलईबद्दल बोलेल. मलईबद्दल ती अवाक्षरही बोलली नाही.

"मी तुला शिळा पाव खायला शिकवलं," ती म्हणाली. "कुणाच्या माथी मारायला नव्हतं शिकवलं. त्या पोरीने तुझ्यासाठी भाजी आणली होती रे. तुझी सर्दी ऐकून."

"मालकांना कळलं तर आक्का..."

"कळू दे. ती बाई भांडी घासून घासून हात सोलून घेतेय. उठ."

तो उठला. पण वहिनींच्या दारापर्यंतची ती दहा पावलं टाकायला त्याला पुरी पंधरा मिनिटं लागली. मध्ये तो दोनदा घरी परत आला. एकदा चप्पल विसरली म्हणून आणि एकदा घातलेली चप्पल चुकीची वाटली म्हणून.

वहिनी भाजी चिरत होत्या. नवरा पलंगावर टेकून लसूण सोलत होता. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं ऐकून वहिनींनी सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मी दारात आले तेव्हा?"

"हो."

"तुम्ही खिडकी बघत होतात." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "मला वाटलं, माणूस माझ्यावर रागावलाय, म्हणून तोंड फिरवलंय. मी घरी येऊन यांना म्हटलं, त्यांचं बरोबर आहे, त्यांची आक्का आहे."

"वहिनी, मी माफी..."

"माफी मला कशाला? माझ्याबद्दल मला संशय नव्हता." मग जरा थांबून, "म्हणजे, होता. चार रात्री होता. ते जाऊ दे. ज्यांना वाटतंय त्यांना सांगा जाऊन. एकेकाला. मी सांगितलं तर म्हणतील, आपलं झाकतेय."

रंगारी लसूण सोलता सोलता म्हणाला, "आणि वाटाण्याचं पोतं गेलं ते गेलंच." कुणी हसलं नाही.

ग्रंथपाल त्याला ग्रंथालयातच भेटणार होते. तिथे कुजबुजीच्या वर आवाज काढायची सोय नाही. तो टेबलापाशी वाकून पुटपुटला. ग्रंथपाल म्हणाले, "काय? ऐकू आलं नाही." तो पुन्हा पुटपुटला. "जरा स्पष्ट बोला." तेव्हा त्याच्या तोंडून निघालं ते सबंध दालनाला ऐकू जाईल असं निघालं: "भाजी चांगली होती! मलई माझी होती, सहा दिवस उलटलेली!" सात-आठ वाचकांनी पुस्तकातून डोकी वर काढली. ग्रंथपालांचा चेहरा लाल झाला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी सहा घरी सांगितलं. मला तुम्ही सांगितलं होतंत." एवढंच म्हणाले. त्याला शिव्या चालल्या असत्या.

कागदवाल्या बहिणींपैकी धाकटी म्हणाली, "अगं बाई, आम्ही तर तिचं नाव घेऊन नाकं मुरडली!" आणि थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तिथून एक नको असलेली वही विकत घेतली. बसचा ड्रायव्हर मोठ्याने हसला. "काका, तुम्ही तारखेचे मास्तर ना हो? मास्तरच नापास!" पलीकडच्या इमारतीतल्या दोघांनी पुन्हा डबा लावतो म्हटलं. तिसऱ्या घरच्या बाईंनी सांगितलं, "आम्ही आता दुसरीकडे लावलाय. ते जवळ पडतं." त्यांच्यापुढे तो बराच वेळ उभा राहिला, पण त्या काही बधल्या नाहीत.

मालकांकडे जायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण ग्रंथालयात डोकी वर काढलेल्यांपैकी दोघे दुकानाचे गिऱ्हाईक होते, आणि त्यांच्याकडून मालकांच्या कानावर जाण्याआधी आपण जावं, एवढं तरी त्याला सुचलं. मालकांनी गल्ल्यावरून उठून त्याला आतल्या खोलीत नेलं.

"घरी तुम्ही काय खाता त्याच्याशी मला कर्तव्य नाही," ते म्हणाले. "पण डॉक्टरने विचारल्यावर तुम्ही पुरतं सांगितलं नाहीत. आपल्या धंद्यात काका, त्यावरच सगळं चालतं. अठ्ठावीस वर्षांत तुम्ही चुकला नाहीत हे मला ठाऊक आहे. पण उद्या चुकलात तर मला सांगाल का, हे मला आता ठाऊक नाही."

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला नोकरीवरून काढलं नाही. फळ्यांचं काम दुसऱ्याला दिलं आणि त्याला अर्ध्या दिवसावर आणलं.

वहिनींकडे दहा डबे झाले, अकरावा झाला नाही. त्याने मग हिय्या करून विचारलं, "वहिनी, आमचे दोन लावता का? रोजचे."

त्यांनी विचार केला. खरंच केला, लगेच नाही म्हणाल्या नाहीत. "नको भाऊ," त्या म्हणाल्या. "आक्कांचं वय झालंय. पुन्हा कधी पोट बिघडलं तर तुम्ही काहीही सांगितलंत तरी लोक माझ्याच दाराकडे बघतील. बोलायचालायला आपण आहोतच."

आणि बोलणं होतं. जिन्यात भेटल्या की वहिनी आक्काची चौकशी करतात, तो रंगाऱ्याच्या कमरेची करतो. भांडं मात्र पुन्हा कधी आलं नाही, त्याला शिंका आल्या तरी. आक्का एकदाच त्याबद्दल बोलली. म्हणाली, "तिचं बरोबर आहे," आणि त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

आक्का आता सत्याहत्तर वर्षांची आहे. तो रोज सकाळी नऊला कामावर जातो, दीडला घरी येतो आणि दोघांचा स्वयंपाक करतो.